नायक पडल्यानंतर

निरनिराळ्या राष्ट्रांच्या सैन्यांतील निवडक पथकांमध्ये श्रेष्ठ कोणते, हा वाद अलीकडे वरच्या वर्गांतील मुले मोठ्या हिरिरीने घालताना दिसतात. ब्रिटिशांचे एस.ए.एस., अमेरिकेचे डेल्टा, इस्राएलचे सायेरेत मत्काल आणि आपले पॅरा कमांडो ही नावे त्यांना पाढ्यांहून अधिक पाठ असतात. या वादाचा निकाल लागण्यासारखा नाही, हे उघड आहे. वाळवंटातून रात्री मोटारी हाकीत जाऊन शत्रूची विमाने जाळणारे पथक आणि परक्या विमानतळावर उतरून ओलीस सोडविणारे पथक यांना एकाच तागडीत घालून काय मोजावयाचे? परंतु जे रणांगणावर मोजता येत नाही, त्याची एक बाजू वाङ्मयात मोजता येते. आपल्या निवडक माणसांची कथा कोणता समाज कशी सांगतो, या कथेत माणसे किती उरतात व किती गळतात, याचा तौलनिक विचार करणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे कामच आहे. मराठीत हा विचार व्हावयास हवा तितका झालेला नाही, असे मला वाटते.

निवडक पथक म्हणजे शूर माणसांचा जमाव नव्हे. शूर माणसे प्रत्येक सैन्यात असतात. विशिष्ट कामासाठी माणसे वेचून घेणे, त्या कामाचा आगाऊ सराव करणे आणि प्रत्येकाला स्वतःचेच नव्हे तर शेजाऱ्याचेही काम ठाऊक असणे, या तीन गोष्टींनी असे पथक घडते. म्हणून त्याची खरी परीक्षा नायकाच्या पराक्रमात होत नाही. ती नायक पडल्यानंतरच्या घटकेत होते. आणि अशा पथकावर लिहिणाऱ्या शाहिराची, बखरकाराची किंवा कादंबरीकाराची परीक्षाही मला त्याच घटकेत होते असे वाटते. ती घटका त्याने कशी रंगविली, यावरून त्याला पथक दिसले होते की केवळ नायक दिसला होता, हे कळून येते.

आपल्याकडे ही घटका सर्वांना परिचित अशा प्रसंगात येते. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले आणि तरीही गड हाती आला. या एका रात्रीच्या वृत्तान्ताची आपल्या वाङ्मयात जी स्थित्यंतरे झाली, ती ओळीने मांडून पाहण्यासारखी आहेत.

कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीस इ. स. १६९७ च्या सुमारास लिहिलेली बखर या प्रसंगाला फार थोडी जागा देते. परंतु त्या थोड्या जागेत पथकाची सारी लक्षणे आली आहेत. तानाजीने पाचशे माणूस निवडले. त्यांतून दोन चांगले मावळे आणखी वेचून त्यांना रात्री कड्यावर चढविले. ते वानरासारखे चढून गेले, असे सभासद म्हणतो. वर गेल्यावर त्यांनी खालच्यांना वाट करून दिली. म्हणजे निवडीतही निवड झाली होती. पुढे तानाजी व उदेभान यांची गाठ पडते. तानाजीची ढाल तुटते, दुसरी ढाल वेळेवर मिळत नाही, डाव्या हाताचीच ढाल करून तो लढतो आणि दोघेही वीर पडतात. यानंतर सभासद जे सांगतो ते फार महत्त्वाचे आहे. सूर्याजी मालुसरा हिंमत धरतो, लोकांना सावरतो आणि उरलेले काम पुरे करतो. मग आगीची खूण होते व ती राजगडावर पोहोचते. बखरकाराने या ठिकाणी एकही अलंकार खर्ची घातलेला नाही. तानाजीच्या मृत्यूवर तो थांबतही नाही. काम अपुरे असताना थांबणे त्या मावळ्यांना परवडले नसते, तसे ते त्याच्या गद्यालाही परवडलेले नाही.

आता दोर कापल्याची कथा पाहू. सूर्याजीने पळू लागलेल्या मावळ्यांना दोर कापून टाकल्याचे सांगितले आणि मग ते मागे फिरून लढले, ही गोष्ट महाराष्ट्रातील व सीमाभागातील प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे. सभासदात ती नाही. ग्रँट डफने इ. स. १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासात दोर नष्ट केल्याचे सूर्याजीच्या तोंडी आले आहे, आणि पुढे क्रमिक पुस्तकांनी तिला कायमचे घर दिले. परीक्षेत ‘सूर्याजीने दोर का कापले?’ हा प्रश्न दोन-तीन गुणांसाठी वर्षानुवर्षे पडत आला, आणि ‘मावळ्यांना परतीचा मार्ग उरू नये म्हणून’ हे उत्तर मुले वर्षानुवर्षे लिहीत आली.

कथा म्हणून ती उत्तम आहे, यात शंका नाही. तीत नाट्य आहे, एका वाक्यात सांगता येते आणि विसरता येत नाही. परंतु तिने मावळ्यांविषयी काय सांगितले, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. सभासदाचे मावळे सावरले जातात, कारण सावरण्याजोगे काहीतरी त्यांच्यात असते. दोरांच्या कथेतले मावळे लढतात, कारण पळावयास वाट राहिलेली नसते. कोंडलेले मांजरही अंगावर येते. ज्यांना पाचशेतून वेचून घेतले, ज्यांनी अंधारात तो कडा चढला, त्यांच्या शौर्याचे कारण एवढेच असेल, तर निवड कशाची केली होती? नायकाची उंची वाढविण्यासाठी पथकाची उंची कमी करण्याचा हा व्यवहार आहे, आणि तो आपण मुलांच्या हाती अभिमानाची वस्तू म्हणून देत आलो आहोत.

तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याचा मार्ग वेगळा आहे. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्याने हा पोवाडा सुशिक्षित वाचकांपर्यंत आणला. त्यात जिजाबाईंचा सारीपाट आहे, रायबाचे लग्न आहे, कडा चढणारी घोरपड आहे, ऐंशी वर्षांचा शेलारमामा आहे. घोरपडीवरून पुष्कळ वाद झाले. मला त्या वादात रस नाही. शाहिराला रात्रभर श्रोता बसवून ठेवावयाचा होता आणि घोरपडीने ते काम चोख केले. परंतु सभासदाने ज्या दोन मावळ्यांना कड्यावर चढविले, त्यांची जागा पोवाड्यात एका प्राण्याने घेतली, हे मात्र नजरेआड करता येत नाही. माणसाचे कौशल्य जाऊन तेथे चमत्कार आला. नायक पडल्यानंतरही तेच होते. उदेभानाचा वध शेलारमामा करतो, म्हणजे पथकाचे उरलेले काम घराण्याचा सूड होऊन जाते. लोकवाङ्मयाची ही स्वाभाविक रीत आहे. नात्यागोत्यावाचून त्याला निष्ठा समजत नाही. त्याबद्दल शाहिराला दोष देणे अरसिकपणाचे होईल.

हरिभाऊ आपट्यांना ही सवलत देता येत नाही. ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीत त्यांनी कमलकुमारीचे कथानक योजिले आणि सती जावयास निघालेल्या त्या रजपूत स्त्रीच्या अपहरणाला मोहिमेच्या गाभ्याशी आणून बसविले. हरिभाऊंचे सामर्थ्य माजघरातील दुःख पाहण्यात होते; ते येथेही दिसते, आणि कमलकुमारीची पाने आजही मन धरून ठेवतात. परंतु त्यामुळे गड घेणे हे राज्याचे काम न राहता एका अबलेची सुटका होऊन बसते. बखरीत आगीच्या खुणेची व्यवस्था आहे. कादंबरीचे लक्ष तिकडे नाही. १९३३ सालच्या प्रभातच्या ‘सिंहगड’ बोलपटापासून २०२० सालच्या ‘तान्हाजी’ या हिंदी चित्रपटापर्यंत पडद्यावर नायक मोठा होत गेला आणि शेवटी त्याच्या तोडीस तोड म्हणून एक अजस्र तोफही आणावी लागली. गडाला सिंहगड हे नाव या मृत्यूमुळे मिळाले, ही समजूतही त्याच ओघातली. इ. स. १६६३ च्या पत्रात हे नाव आढळते, हे इतिहाससंशोधकांनी दाखवून कितीतरी वर्षे झाली, तरी समजूत हटत नाही.

बाहेरच्या राष्ट्रांकडे पाहिले तर हा मोह केवळ आपला नाही, असे दिसते. १२ सप्टेंबर १९४३ रोजी जर्मन छत्रीधारी सैनिकांनी ग्रान सासो या पर्वतावरून मुसोलिनीला सोडविले. त्या कारवाईचा अधिकार मेजर मोर्स याच्याकडे होता. पण जगाच्या स्मरणात नाव राहिले ते सोबत गेलेल्या स्कॉर्झेनीचे, कारण मुसोलिनीबरोबर विमानात तो चढून बसला आणि पुढे आठवणीही त्याने लिहिल्या. त्याच सैन्याची तीन वर्षांपूर्वीची दुसरी कारवाई पाहावी. १० मे १९४० च्या पहाटे एबेन-एमाएल हा बेल्जियमचा अभेद्य मानलेला किल्ला सुमारे ऐंशी माणसांनी ग्लायडरमधून त्याच्या छपरावर उतरून निकामी केला. त्यांनी सहा महिने त्याच एका कामाचा सराव केला होता. त्या पथकाचा नायक लेफ्टनंट विट्झिग याच्या ग्लायडरचा दोर वाटेतच तुटला आणि तो जर्मनीतच एका शेतात उतरला. पहिले काही तास नायक तेथे नव्हताच! एका सार्जंटने सूत्रे हाती घेतली, आणि प्रत्येक टोळीला आपले काम ठाऊक असल्याने ते अडले नाही. तेथेही एक दोर तुटला होता. परंतु त्या दोराची कथा आपल्या दोराच्या अगदी उलट आहे. त्या सैन्याचा पक्ष अधर्माचा होता, हे सांगावयास नकोच. पथकाच्या घडणीचा धडा मात्र त्याने बदलत नाही.

ब्रिटिशांची एस.ए.एस. ही तुकडी डेव्हिड स्टर्लिंगने १९४१ साली उत्तर आफ्रिकेत उभारली. तिची पहिली उडी त्याच वर्षी नोव्हेंबरात वादळात फसली. पन्नासाहून अधिक माणसे उतरली, त्यांतली वीसबावीसच परतली. मग त्यांनी पॅराशूट सोडून मोटारींचा मार्ग धरला आणि जर्मनांची विमाने जाळण्यात नाव मिळविले. जानेवारी १९४३ मध्ये स्टर्लिंग स्वतःच पकडला गेला. तुकडी पुढे चालू राहिली. इंग्रजी आठवणींच्या पुस्तकांत या पहिल्या फजितीला जी जागा मिळते, ती पाहून मला आपल्या वाङ्मयाची उणीव जाणवते. आपल्या वीरांना अपयश आलेलेच नाही, अशा थाटात आपण लिहितो. अमेरिकेची १९८० सालची इराणमधील कारवाई वाळवंटात वाऱ्यावर उधळली, ओलीस सुटले नाहीत, आठ सैनिक दगावले. त्या अपयशाची जाहीर चौकशी झाली आणि १९८७ साली सर्व विशेष दलांसाठी स्वतंत्र मुख्यालय उभे राहिले. चौकशीचा अहवाल हा वाङ्मयप्रकार रुक्ष खरा. पण पथकाची किंमत जाणणारे गद्य म्हणून मी त्याला कित्येक ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या वर बसवीन.

सिंहगडाशी सर्वांत जवळचे साम्य एंटेबीचे आहे. ४ जुलै १९७६ रोजी युगांडातील त्या विमानतळावरून इस्राएली पथकाने शंभरावर ओलीस सोडवून आणले. नायक योनातान नेतान्याहू अगदी सुरुवातीलाच गोळी लागून पडला. जखमीसाठी कोणी थांबावयाचे नाही, आधी ओलिसांपर्यंत पोहोचावयाचे, असा ठराव निघण्यापूर्वीच झालेला होता आणि तो पाळला गेला. नंतर त्या कारवाईला त्याचेच नाव देण्यात आले. आपल्या तानाजीच्या कथेशी हे किती जुळते! परंतु पुढचे जुळत नाही. विमानतळावरच्या पहिल्या पहारेकऱ्यावर गोळी झाडणे बरोबर होते की त्यामुळे गुप्तता फुटली, यावर मृत नायकाचे कुटुंबीय आणि त्याचा सहकारी मुकी बेत्सेर यांच्यात कित्येक वर्षे जाहीर वाद चालला. सहकाऱ्याने आपले म्हणणे पुस्तकात मांडले. नायकाच्या स्मृतीपुढे हात जोडून उभे राहिल्यानंतरही त्याच्या निर्णयाची चर्चा करता येते, हे त्या समाजाने दाखविले. आपल्याकडे एखाद्या सूर्याजीने आठवणी लिहिल्या असत्या, तर त्या आपण छापू दिल्या असत्या का, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

नायकपूजेचा हिशेब केवळ वाङ्मयात चुकता होत नाही. ऑस्ट्रेलियाच्या विशेष दलांविषयीचा चौकशी अहवाल नोव्हेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अफगाणिस्तानात ३९ जणांची बेकायदा हत्या झाल्याची विश्वसनीय माहिती मिळाल्याचे त्यात नमूद आहे, आणि आपण सामान्य सैनिकांहून निराळे आहोत, ही पथकात मुरलेली भावना त्याच्या मुळाशी असल्याचेही म्हटले आहे. निवडलेल्या माणसाला आपण देव केले की त्याला नियम विचारणारा कोणी उरत नाही. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीस लिहिलेले पत्र या संदर्भात पुन्हा वाचावे. लष्कराने रयतेस त्रास दिला तर लोक मोगल बरा म्हणतील, असे त्यात बजाविले आहे. इतकेच नव्हे, तर उंदीर दिव्याची जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, येथवर त्यांची नजर पोहोचली आहे. विजयी सैन्याच्या धन्याने उंदराची काळजी करावी, ही गोष्ट आमच्या वीरवाङ्मयाला कधी सुचली नाही. त्याचे लक्ष सदैव तलवारीकडे.

या साऱ्यात एक ग्रंथ मला वेगळा वाटतो. जयराम पिंड्ये या कवीचे ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्य पन्हाळा घेतल्यानंतर लवकरच, त्याच वर्षी रचलेले आहे. शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन करणारा ‘राधामाधवविलासचंपू’ ज्याने लिहिला, तोच हा कवी. ६ मार्च १६७३ च्या रात्री कोंडाजी फर्जंद साठ माणसे घेऊन पन्हाळ्यावर चढला. अण्णाजी दत्तो फौज घेऊन मागे थांबले होते. फौज हाताशी असता साठच का? कारण त्या वाटेने साठच जाऊ शकत होते आणि तेवढ्यांनीच गुप्तता राहणार होती. वर पोहोचताच त्यांनी निरनिराळ्या बाजूंनी कर्णे फुंकले. झोपेतून उठलेल्या गडकऱ्यांना शत्रू चहूंकडून आल्याचा भास झाला. संख्या थोडी, म्हणून आवाज मोठा! संस्कृत महाकाव्याचे सारे संकेत पाळूनही हा कवी हिशेब विसरत नाही. साठ आकडा तो मोठा करीत नाही. एरवी ज्या कवींच्या लेखणीला लक्षाखाली उतरणे ठाऊक नसते, त्यांच्या परंपरेत हे विशेष म्हटले पाहिजे. सिंहगडाच्या मानाने पन्हाळ्याला मराठीत वाचक कमी मिळाले, कारण तेथे नायक पडला नाही. मृत्यूवाचून आमचे अश्रू निघत नाहीत आणि अश्रूंवाचून आमचा पोवाडा.

स्वतंत्र भारतातील अशा पथकांची कहाणी आता साठ वर्षांची झाली आहे. १९६५ च्या युद्धात मेजर मेघसिंग यांनी ‘मेघदूत’ या नावाची तुकडी उभी केली. तिच्यातूनच पुढील वर्षी ९ पॅरा कमांडो ही पलटण जन्मास आली. १३ डिसेंबर १९७१ च्या रात्री तिच्या जवानांनी पूंछजवळ मंढोल येथे पाकिस्तानी तोफखान्याच्या सहा तोफा उडविल्या. मराठा लाइट इन्फंट्रीच्या २१ व्या पलटणीचे १९९६ साली विशेष दलात रूपांतर झाले, आणि ती आज २१ पॅरा म्हणून ओळखली जाते. ‘वाघनख’ हे तिचे बिरुद. बिरुद आपण इतिहासातून दिले. वाङ्मय मात्र काही दिले नाही. सातारा-कोल्हापूरकडच्या घरांतून या पलटणींत मुले जातात, निवृत्त होऊन परत येतात, शेती पाहतात, शाळांच्या समारंभांत पाहुणे म्हणून बसतात. त्यांचे अनुभव गुप्ततेच्या मर्यादा सांभाळून शब्दबद्ध करणे अशक्य नाही. आपल्या अकादमीने लेखक-कवींच्या शिबिरांबरोबर हेही काम हाती घ्यावे, ही सूचना मी येथे नोंदवून ठेवतो.

आमच्या खजुरीसारख्या गावात मराठी आणि कानडी एकाच ओसरीवर नांदतात, त्यामुळे आणखी एक तुलना अंगणातच सापडते. मुधोळजवळच्या हलगली गावच्या बेडरांनी १८५७ साली हत्यारे सरकारजमा करण्याच्या हुकुमाविरुद्ध बंड केले. इंग्रजांच्या फौजेने गाव जाळले, आणि पकडलेल्यांपैकी अनेकांना फासावर दिले. त्यावरची कानडी लावणी फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने मिळवून ‘इंडियन अँटिक्वरी’त प्रसिद्ध केली. आज कर्नाटकातील कानडी शाळांत मुले ती शिकतात. लावणी हा शब्द एकच. पण आपल्याकडे तो शृंगाराकडे गेला आणि कानडीत वीरकथेकडेही. हलगलीचे बेडर शूर होते, शिकारी होते, नेम अचूक होता. परंतु सराव नव्हता, फौज येईल तेव्हा कोणी कोठे उभे राहावयाचे हे ठरलेले नव्हते, आणि हणमा, बाळा, जडगा, रामा हे पुढारी गेल्यावर सावरणारे कोणी नव्हते. म्हणजे त्यांना पथक म्हणता येणार नाही. तरीही त्या लावणीकाराने जे केले ते तुळशीदासाला साधले नाही. चौघांची नावे घेतल्यावर तो जळत्या गावाकडे वळतो आणि शिपायांनी घराघरांतून काय काय उचलून नेले, त्याची यादी देतो. शेतीची अवजारे, दागिने, आणि त्यांच्याच पंक्तीत मीठ, तेल, हळद, जिरे. नायक पडले तरी त्याची कविता संपत नाही; ती चुलीपर्यंत जाते. या लावणीचे चांगले मराठी भाषांतर आपल्या मुलांच्या हाती यावयास हवे, आणि ते करण्यास दोन्ही भाषा ज्यांच्या घरात बोलल्या जातात, अशा बिदर-कलबुर्गीकडच्या शिक्षकांहून अधिक योग्य कोण आहे?